दोन कण भिडतात तेव्हा तरंगफलनाचे काय होते? कागदावरून कॉम्प्युटरपर्यंत, पायरीपायरीने

एका कणाचे तरंगफलन बहुतेक विद्यार्थ्यांना जमते. पेटीतला कण होतो, अडथळ्यातून पार जाणारा कण होतो, गाउसियन लाट पसरत कशी जाते तेही समजते. दुसरा कण आला की मात्र गाडी अडते. कारण आपण मनात एकाऐवजी दोन लाटा काढतो, त्या एकाच रेषेवर समोरासमोर सोडतो आणि त्या एकमेकींवर आपटल्यावर काय होईल याचा विचार करू लागतो. हे चित्रच चुकीचे आहे, आणि ते डोक्यातून गेल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळत नाही. दोन कणांना दोन तरंगफलने नसतात, दोघांचे मिळून एकच असते. या लेखात ते एकच फलन कागदावर मांडू, कॉम्प्युटरवर चालवू आणि त्यातून काय वाचायचे ते पाहू. एका कणाचे श्रोडिंजर समीकरण आणि थोडे पायथन येत असेल तर एवढी तयारी पुरे.

पहिली पायरी: लाट राहते कुठे?

दोन्ही कण एकाच सरळ रेषेवर फिरतात असे धरू. पहिल्याचे स्थान क्ष, दुसऱ्याचे य. तरंगफलन आहे फ(क्ष, य), म्हणजे "पहिला क्ष वर आणि दुसरा य वर" या जोडीला दिलेली एक संमिश्र संख्या. हे फलन रेषेवर नाही, प्रतलावर पसरलेले आहे. आडवा अक्ष पहिल्या कणाचा, उभा अक्ष दुसऱ्याचा. प्रतलावरचा एक बिंदू म्हणजे दोन्ही कणांची मिळून एक स्थिती.

त्रिमितीत दोन कण घेतले तर हे फलन सहा मितींच्या अवकाशात जाते. ही गोष्ट सुरुवातीपासूनच खटकत आली आहे. डच भौतिकशास्त्रज्ञ हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांनी मे १९२६ मध्ये श्रोडिंजर यांना लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा काढला होता: एका कणाची लाट नेहमीच्या अवकाशात कल्पिता येते, पण कण वाढले की लाट कसल्या अवकाशात आहे? या प्रश्नाला बगल देऊ नका. फलन प्रतलावर राहते हे मान्य करून त्या प्रतलाकडेच बघायची सवय लावा.

आता कागदावर प्रतल काढा आणि क्ष = य हा कर्ण ओढा. कर्णावर दोन्ही कण एकाच जागी असतात. आंतरक्रिया दोघांमधल्या अंतरावर अवलंबून असेल, तर तिची स्थितिज ऊर्जा म्हणजे कर्णाच्या कडेने पसरलेला एक बांध. दोन कणांची टक्कर म्हणजे प्रतलावर एकच ठिपका चालत येऊन या बांधावर आदळणे. सारा लेख या एका चित्रावर उभा आहे.

दुसरी पायरी: आधी चार संख्यांवर हात बसवा

थेट प्रतलावर उडी मारण्याआधी सगळ्यात लहान उदाहरण हाताने सोडवा. दोन स्पिन (कणाचा अंगचा फिरकीसारखा गुण) घ्या, प्रत्येकाच्या दोनच अवस्था: वर आणि खाली. जोडीच्या अवस्था चार, म्हणजे तरंगफलन चार संख्यांचे. आंतरक्रिया अशी: दोन्ही स्पिन सारखे असतील तर ऊर्जा +ज, वेगळे असतील तर −ज. एच-बार १ धरू. सुरुवातीला प्रत्येक स्पिन "वर अधिक खाली" अशा समसमान मिश्रणात, म्हणजे चारही संख्या १/२.

काळ सरकतो तेव्हा प्रत्येक संख्येची फक्त कला (फेज, म्हणजे संमिश्र संख्येचा कोन) बदलते. सारख्या जोड्यांची कला −ज×काळ एवढी सरकते, वेगळ्या जोड्यांची +ज×काळ एवढी. चारही संख्यांचे आकारमान जागचे हलत नाही. तरीही ज×काळ = पाय/४ होताच या चार संख्या "पहिल्याचे काहीतरी गुणिले दुसऱ्याचे काहीतरी" अशा रूपात लिहिता येत नाहीत. पहिला स्पिन एकटा पाहिला तर त्याची स्वतःची अशी निश्चित अवस्था उरलेली नसते. ज×काळ = पाय/२ ला अवस्था पुन्हा सुटी होते.

हे गणित करायला पंधरा मिनिटे लागतील, पण ती सार्थकी लागतात. आंतरक्रियेचे पहिले काम ढकलणे हे नसून जोडीजोडीला वेगवेगळी कला देणे हे आहे, हे इथेच पक्के होते. स्थितिज ऊर्जा "फक्त क्ष वर अवलंबून अधिक फक्त य वर अवलंबून" अशी सुटी लिहिता आली, तर सुटी अवस्था कायम सुटीच राहते. जे असे सुटत नाही तेच कणांना गुंतवते. श्रोडिंजर यांनी १९३५ मध्ये या गुंतण्याला नाव दिले, तेच आजचे एन्टँगलमेंट.

तिसरी पायरी: समीकरण, आणि चलांची अदलाबदल

समीकरण ओळखीचेच आहे. फलनाचा काळाबरोबर होणारा बदल तीन गोष्टींनी ठरतो: पहिल्याची गतिज ऊर्जा (क्ष च्या दिशेची वक्रता, भागिले वस्तुमानाची दुप्पट), दुसऱ्याची गतिज ऊर्जा (य च्या दिशेची वक्रता) आणि आंतरक्रियेची स्थितिज ऊर्जा गुणिले फलन. पहिल्या दोन गोष्टी आपापल्या दिशेत काम करतात, तिसरी दोन्ही दिशा एकत्र बांधते.

आंतरक्रिया फक्त अंतरावर अवलंबून असेल तर एक जुनी युक्ती वापरा. क्ष आणि य ऐवजी दोन नवी चले घ्या: वस्तुमानमध्याचे स्थान आणि दोघांमधले अंतर, क्ष−य. समीकरणाचे सरळ दोन तुकडे होतात. वस्तुमानमध्य मुक्त कणासारखा चालतो, त्याला आंतरक्रियेची खबरही नसते. अंतराचे चल मात्र एका कणाप्रमाणे स्थिर बांधावर आदळते, फक्त वस्तुमान म्हणून रिड्यूस्ड मास घ्यायचे: दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज.

हा रिड्यूस्ड मास नुसता पाठ्यपुस्तकातला सोपस्कार नव्हे. हायड्रोजनच्या वर्णपटातली लाल रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर आहे. अणुकेंद्र दुप्पट जड झाले की रिड्यूस्ड मास किंचित वाढतो आणि रेषा सुमारे ०.१८ नॅनोमीटरने सरकते. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम, म्हणजे हा जड हायड्रोजन, शोधले ते अशाच सरकलेल्या रेषांवरून.

इथे एक सापळा आहे. नव्या चलांत समीकरण सुटते म्हणून अनेकजण "मग गुंतणूक राहिलीच कुठे?" असे विचारतात. वस्तुमानमध्य आणि अंतर ही चले सुटी झाली आहेत, कण नव्हेत. प्रयोगात आपण पहिला कण आणि दुसरा कण पकडतो. म्हणून समीकरण नव्या चलांत समजून घ्या, पण उत्तर परत क्ष आणि य मध्ये आणूनच वाचा.

चौथी पायरी: ग्रिड मांडा

आता कॉम्प्युटर. एच-बार आणि दोन्ही वस्तुमाने १. प्रत्येक अक्ष −६० ते ६०, त्यावर ५१२ बिंदू, म्हणजे अंतर सुमारे ०.२३४. फलन म्हणजे ५१२×५१२ संमिश्र संख्यांची मॅट्रिक्स. एका संख्येला १६ बाइट धरले तर सगळी मिळून ४ मेगाबाइट. कोणत्याही लॅपटॉपला हे जड नाही. तिसरा कण घेतला तर मात्र हाच हिशेब २ गिगाबाइटवर जातो आणि चौथ्याला १ टेराबाइटवर. म्हणूनच हात बसवायला दोन कण, एक रेषा ही जोडी उत्तम.

सुरुवातीची अवस्था: पहिला कण −१५ वर, संवेग +२. दुसरा +१५ वर, संवेग −२. दोघांची रुंदी २. म्हणजे पहिल्याचा घटक "ई चा घात −(क्ष+१५)²/१६" गुणिले संवेगाची कला, दुसऱ्याचा तसाच, आणि फ म्हणजे या दोघांचा गुणाकार. प्रत्येक चौकटीतल्या संख्येच्या आकारमानाचा वर्ग घेऊन बेरीज करा, एका चौकटीच्या क्षेत्रफळाने गुणा, आणि उत्तर १ येईल असे फलन मोजून घ्या.

आंतरक्रिया: ४ × ई चा घात −(क्ष−य)²/२. बांधाची उंची ४ मुद्दाम घेतली आहे. टक्करीची सापेक्ष ऊर्जाही ४ आहे, त्यामुळे लाट ना पूर्ण परतते ना पूर्ण पार जाते. बघण्यासारखे सगळे इथेच आहे.

पाचवी पायरी: काळ पुढे ढकला

यासाठी स्प्लिट-ऑपरेटर पद्धत वापरा. कल्पना सोपी आहे: स्थितिज ऊर्जेचे काम स्थानाच्या ग्रिडवर नुसत्या गुणाकाराने होते, गतिज ऊर्जेचे काम संवेगाच्या ग्रिडवर नुसत्या गुणाकाराने होते, आणि दोन ग्रिडांमधली ये-जा फूरिए रूपांतर करते. कालखंड ०.०१ घ्या. प्रत्येक खंडात एवढेच:

१. प्रत्येक चौकट "स्थितिज ऊर्जा × अर्धा कालखंड" एवढ्या ऋण कलेने फिरवा.
२. द्विमितीय एफएफटी (फूरिए रूपांतर झटपट काढणारी कृती) घ्या.
३. प्रत्येक संवेग-जोडी "दोघांची गतिज ऊर्जा × कालखंड" एवढ्या ऋण कलेने फिरवा.
४. उलट एफएफटी घ्या.
५. पहिली कृती पुन्हा करा.

स्थितिज ऊर्जा अर्धी-अर्धी वाटल्यामुळे एकूण चूक कालखंडाच्या वर्गाच्या प्रमाणात राहते. १५ एककांपर्यंत जायला १५०० खंड लागतात. कलांच्या दोन्ही मॅट्रिक्स लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवा.

बहुतेकांचा प्रोग्राम बिघडतो तो संवेगाच्या अक्षापाशी. नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) वारंवारता आधी शून्यापासून वर, मग ऋण अशा क्रमाने देते, आणि ती आवर्तनांत देते. तिला २×पाय ने गुणले नाही तर गतिज ऊर्जेत ही चूक वर्गाने शिरते आणि लाट सुमारे चाळीस पटीने मंद चालते. ठिपका हललाच नाहीसे वाटले, तर आधी हेच तपासा.

सहावी पायरी: विश्वास ठेवण्याआधी पारखून घ्या

रंगीत चित्र सुंदर दिसले म्हणजे उत्तर बरोबर असे नाही. एकूण संभाव्यता १ राहायला हवी, पण ही चाचणी कच्ची आहे. या पद्धतीत प्रत्येक कृती नुसती कला फिरवते, त्यामुळे चुकीची स्थितिज ऊर्जा भरली तरी बेरीज १ च येते. एकूण ऊर्जा तपासा: सुरुवातीला ती ४.०६२५ असते (संवेगाच्या पसरटपणाचे ०.०६२५ त्यात आले) आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. कालखंड अर्धा करा, ऊर्जेतली चूक चौपट कमी व्हायला हवी.

माझी आवडती चाचणी वस्तुमानमध्याची आहे. वर म्हटल्याप्रमाणे त्याला टक्करीची खबर नसते, म्हणून त्याची रुंदी मुक्त कणाच्या सूत्राने आधीच सांगता येते. सुरुवातीला ती २/√२, म्हणजे १.४१४ असते. १५ एककांनंतर ती २.१२५ पट, म्हणजे ३.००५ व्हायलाच हवी, बांध कितीही उंच असो. प्रत्येक चौकटीत (क्ष+य)/२ चा वर्ग घ्या, संभाव्यतेने गुणून बेरीज करा, वर्गमूळ काढा. ३.००५ आले की ग्रिड, एफएफटी आणि वस्तुमाने तिन्ही बरोबर बसली असे समजा. शेवटी, ग्रिडच्या कडांना फलन टेकत नाही ना ते पाहा. एफएफटीसाठी डावी कड आणि उजवी कड जोडलेली असतात, त्यामुळे बाहेर गेलेली लाट दुसऱ्या बाजूने आत येते.

सातवी पायरी: चित्र वाचा

संभाव्यतेचे चित्र तीन क्षणांना काढा: ०, ७.५ आणि १५.

शून्याला प्रतलाच्या डाव्या-वरच्या भागात एक गोल ठिपका दिसतो, केंद्र (−१५, १५). तो तिरपा खाली-उजवीकडे, कर्णाच्या दिशेने निघतो.

७.५ ला तो बांधावर असतो आणि इथे थांबून नीट पाहा. कर्णाच्या वरच्या बाजूला कर्णाला समांतर पट्टे उमटलेले दिसतात. येणारी लाट आणि परतणारी लाट यांचे ते व्यतिकरण आहे. दोन पट्ट्यांत क्ष−य चे अंतर सुमारे १.५७, म्हणजे पाय/२. आता य च्या दिशेने बेरीज करून फक्त पहिल्या कणाची संभाव्यता काढा. पट्टे गायब! दुसऱ्याची काढा, तिथेही नाहीत. पट्टे ना पहिल्या कणात आहेत ना दुसऱ्यात, ते दोघांच्या अंतरात आहेत. प्रयोगात ते दिसायचे तर दोन्ही कण एकाच वेळी पकडून प्रत्येक जोडीचे अंतर नोंदवावे लागेल.

१५ ला दोन ठिपके दिसतात. एक परत डाव्या-वरच्या भागात, एक पार होऊन उजव्या-खालच्या भागात. दोघांत साधारण निम्मी-निम्मी संभाव्यता. बाकीचे दोन भाग रिकामे. हे रिकामेपण फार मोलाचे आहे: दोन्ही कण डावीकडे किंवा दोन्ही उजवीकडे असे कधीच सापडत नाहीत. एकूण संवेग शून्य आहे, तो पाळला जातोच.

आणखी एक बारकावा. पार गेलेला ठिपका (१५, −१५) च्या थोडा पुढे असतो. संवेगात सुरुवातीपासून थोडा पसरटपणा होता. त्यातले वेगवान घटक बांध सहज ओलांडतात, मंद घटक परततात. बांध लाटेला नुसता दुभंगत नाही, चाळूनही काढतो.

ठिपके दोन असले तरी एका मोजणीत दोन कण एकाच ठिपक्यात सापडतात, आणि कुठल्या त्याची फक्त संभाव्यता सांगता येते. माक्स बॉर्न यांनी संभाव्यतेचा हा अर्थ मांडला तो १९२६ मधल्या टक्करींवरच्याच लेखात, आणि अँप्लिट्यूडचा वर्ग घ्यायचा ही दुरुस्ती तर त्यांनी मुद्रित तपासताना तळटीपेत घातली.

आठवी पायरी: गुंतणूक मोजा

त्यासाठी लागते फक्त सिंग्युलर व्हॅल्यू डीकॉम्पोझिशन (मॅट्रिक्सचे सुट्या गुणाकारांच्या बेरजेत विघटन), जे नमपायमध्ये तयार मिळते. फ च्या मॅट्रिक्सला चौकटीच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने गुणा आणि सिंग्युलर किमती काढा. त्यांच्या वर्गांना वजने म्हणू. वजनांची बेरीज १ येते. फलन सुटे असेल तर एकच वजन १ आणि बाकी शून्य. गणितात हे विघटन एऱ्हार्ड श्मिट यांच्या १९०७ च्या कामातून आले, पुंजयामिकी जन्मायच्याही आधी.

वजनांच्या वर्गांची बेरीज म्हणजे शुद्धता. सुरुवातीला ती १ असते. ठिपका बांधाला भिडला की ती घसरते, आणि शेवटी १/२ च्या जवळ स्थिरावते, कारण दोन ठिपके म्हणजे दोन मोठी वजने. बाकीची लहान वजने त्या चाळणीमुळे येतात. शुद्धतेचा काळाबरोबरचा आलेख जरूर काढा. टक्कर नेमकी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे तो कोणत्याही अॅनिमेशनपेक्षा स्पष्ट दाखवतो.

आता समजा कुणी सोय म्हणून प्रत्येक कणाला स्वतंत्र लाट दिली आणि दुसऱ्याचा फक्त सरासरी परिणाम धरला. हार्ट्री पद्धतीचा गाभा हाच. दोन्ही लाटा अर्ध्या-अर्ध्या फुटल्या, तर त्यांच्या गुणाकारातून चार ठिपके येतात, प्रत्येकी पाव संभाव्यतेचे. दोन रिकामे भाग भरून जातात आणि दोन्ही कण एकाच दिशेला निघाल्याच्या अशक्य घटना उत्तरात शिरतात. खऱ्या अणूतही या सोयीची किंमत मोजावी लागते: हेलियमच्या तळपातळीची ऊर्जा हार्ट्री-फॉक पद्धतीने (हार्ट्री पद्धतीचेच सुधारलेले रूप) −२.८६२ हार्ट्री (हे ऊर्जेचे एकक) येते, खरी −२.९०४ आहे. फरक सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि रसायनशास्त्रात तो फार मोठा. एगिल हिलेरास यांनी १९२९ मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर थेट फलनातच घातले, तेव्हा कुठे ही दरी भरली.

नववी पायरी: कण हुबेहूब सारखे असतील तर

वर आपण दोन कण ओळखता येतात असे धरले. दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन एकसारखे अणू घेतले, तर कर्णाच्या दोन बाजूंनी एकमेकींचे प्रतिबिंब असायला हवे: बोसॉन नावाच्या कणांसाठी तसेच, एकाच स्पिनच्या फर्मिऑनसाठी (इलेक्ट्रॉन यातलाच) उलट्या चिन्हाने. प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढते. मॅट्रिक्समध्ये तिचीच ट्रान्स्पोज (ओळी आणि स्तंभांची अदलाबदल) मिळवा किंवा तिच्यातून वजा करा, आणि बेरीज पुन्हा १ करा. पुढची उत्क्रांती ही सममिती आपोआप सांभाळते.

फर्मिऑनच्या बाबतीत कर्णावर फलन कायम शून्य राहते. म्हणून स्पर्शापुरतीच असलेली आंतरक्रिया त्यांना जाणवतच नाही. शुद्धता मोजताना जपा: ती टक्करीच्या आधीच १/२ निघेल. ते सममितीचे देणे आहे, आंतरक्रियेचे नव्हे. त्यानंतर जी घसरण होईल तेवढीच टक्करीच्या नावावर मांडा.

दहावी पायरी: आकडे बदलून पाहा

कण पुन्हा ओळखता येणारे घ्या आणि बांध ४ ऐवजी ४० करा. आता सगळी लाट परतते. टक्कर अधिक जोरदार, म्हणून गुंतणूकही अधिक असे वाटेल. शुद्धता टक्करीदरम्यान खाली जाते खरी, पण नंतर जवळपास १ वर परत येते. गोल ठिपका कर्णावरून परावर्तित होऊन गोलच राहिला, आणि गोल गाउसियन ठिपका नेहमी सुटा असतो.

मग दुसऱ्याचे वस्तुमान ४ करा, त्याची रुंदी २ च ठेवा, आणि प्रोग्राम २४ एककांपर्यंत चालवा, कारण जड कण सावकाश येतो. आता शेवटची शुद्धता १ पेक्षा कमी उरेल. त्यानंतर दुसऱ्याची रुंदी २ ऐवजी १ करा. शुद्धता पुन्हा १ च्या जवळ जाईल. नियम असा आहे: वस्तुमान गुणिले रुंदीचा वर्ग दोन्ही कणांसाठी सारखा असेल, तर पूर्ण परावर्तनानंतर गुंतणूक उरत नाही. कारण शोधायचे असेल तर प्रत्येक अक्ष आपापल्या वस्तुमानाच्या वर्गमुळाने ताणून प्रतल पुन्हा काढा, आणि ठिपका बांधावर आदळण्याआधी गोल आहे की लांबट ते पाहा.